भरण्यात पुन्हा पुन्हा नकली नोट निघते: चूक नेमकी कुठे होते आणि ती कशी थांबवायची

दिवसभर गल्ल्यावर पैसे घ्यायचे, रात्री हिशेब जुळवायचा, सकाळी बँकेत भरणा करायला जायचं आणि कॅशिअरने गड्डीतून पाचशेची एक नोट बाजूला काढायची. त्या नोटेवर शिक्का बसतो, तेवढे पैसे खात्यात जमा होत नाहीत, आणि ती कोणी दिली हे आठवण्यात अख्खा दिवस जातो. एखाद्या वेळी झालं तर माणूस नशीब म्हणून सोडून देतो. पण महिन्या-दीड महिन्याला तेच होत असेल, तर दुकानात पैसे घेण्याच्या पद्धतीत कुठेतरी भोक आहे. ते सापडतं आणि बुजवताही येतं.

मी नाशिकचा. बाजारपेठेतच वाढलो आणि गल्ल्यावर नव्याने बसणाऱ्या पोरांना नोट बघायला शिकवायचं काम आमच्याकडे माझ्याकडे असतं. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना इथे नुसता 'प्रेस' म्हणून ओळखला जातो. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात. प्रेसमध्ये नोकरी केलेलं कोणी ना कोणी इथे ओळखीत असतंच. खऱ्या नोटेमागे किती माणसांची किती मेहनत असते ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे रंगीत प्रिंटरवर काढलेला कागद कोणी तिच्या जागी खपवतो, आणि तो नेमका भाजीवालीच्या किंवा हातगाडीवाल्याच्या दिवसभराच्या कमाईत निघतो, याचा मला मनापासून राग येतो.

पाचशेच्या नोटेवर लक्ष द्या, हे आधीच सांगून ठेवतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२४-२५ च्या वार्षिक अहवालाप्रमाणे त्या वर्षी नव्या, म्हणजे नोटबंदीनंतर आलेल्या मालिकेतल्या पाचशेच्या १,१७,७२२ नकली नोटा बँकांमध्ये पकडल्या गेल्या. आदल्या वर्षापेक्षा हा आकडा ३७.३ टक्क्यांनी जास्त. दोन हजारची नोट मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली गेली, त्यामुळे हातात येणारी सगळ्यात मोठी नोट आता पाचशेचीच. नकली छापणाराही तीच छापणार.

उजेडात धरून बघतो, तरी फसतो

ही सगळ्यात नेहमीची तक्रार. गिऱ्हाइकाने नोट दिली, दुकानदाराने ती ट्यूबलाइटकडे वर धरली, गांधीजी दिसले, नोट गल्ल्यात. हे आपण इतक्या सवयीने करतो की त्यात खरं तर काहीच तपासलं जात नाही. नकली नोटेतही उजेडात गांधीजी दिसतात. छापणाऱ्याला ठाऊक असतं की लोक तेवढंच बघतात. त्यामुळे तो फिक्या राखाडी शाईने तिथे चेहरा छापतो, किंवा दोन पातळ कागद एकमेकांना चिकटवून आतल्या बाजूने चेहरा काढतो.

खरा वॉटरमार्क, म्हणजे उजेडात दिसणारा तो चेहरा, शाईने काढलेलाच नसतो. कागद तयार होतानाच त्या जागी तो कुठे जाड, कुठे पातळ ठेवलेला असतो. म्हणून खऱ्या नोटेत चेहऱ्यावरची सावली हळूहळू गडद होत जाते. गालाकडून कानाकडे जाताना मध्ये रेघ लागत नाही. शेजारी पाचशेचा आकडाही उजेडात स्वच्छ उमटतो, आणि तो आजूबाजूच्या कागदापेक्षा उजळ असतो. नकलीत चेहऱ्याला कडेने बाह्यरेषा असल्यासारखी दिसते, आकडा पुसट असतो किंवा नसतोच. दुसरी खूण जास्त सोपी आहे: नोट टेबलावर सपाट ठेवा. मागून उजेड नसतानाही पांढऱ्या जागेत चेहरा ठळक दिसत असेल, तर तो वरून छापलेला आहे.

मी पोरांना वॉटरमार्कपासून सुरुवातच करू देत नाही. घाईत तो नीट बघितला जात नाही, आणि नोट वर धरून बघितली की गिऱ्हाइकालाही वाटतं आपल्यावर संशय घेतला. त्याऐवजी एकच गोष्ट डोक्यात पक्की करायची: जे नोटेवर स्थिर आहे त्याची नक्कल कोणताही बरा प्रिंटर करतो, पण नोट हलवल्यावर जे बदलतं ते त्याला जमत नाही. तपासायचं ते बदलणारं.

हिरव्याचा निळा होतो का, ते बघा

पाचशेच्या नोटेवर अशा दोन जागा आहेत. एक म्हणजे गांधीजींच्या चित्राच्या उजवीकडची हिरवी पट्टी, म्हणजे सुरक्षा धागा. दुसरी म्हणजे समोरच्या बाजूला खाली उजवीकडे रुपयाच्या चिन्हासह छापलेला मोठा ५०० चा आकडा. दोन्ही सरळ बघितले तर हिरवे दिसतात आणि नोट तिरपी केली की निळे होतात.

करायचं कसं ते नीट सांगतो, कारण इथेच लोक गडबड करतात. नोट छातीच्या उंचीवर दोन्ही हातांत सपाट धरा. नजर वरून नोटेवर. आधी पट्टीचा रंग बघा: स्वच्छ हिरवा, त्यावर 'भारत' आणि इंग्रजीत आरबीआय अशी अक्षरं. आता नोटेची लांबी धरून समोरची कड हळूच खाली झुकवा. खऱ्या नोटेत पट्टीचा हिरवा रंग विरून तिथे निळा येतो. त्याच झुकवण्यात खालचा आकडाही बदलतो. नोट परत सपाट केली की दोन्ही पुन्हा हिरवे. याला दोन सेकंद पुरतात, नोट वर धरावी लागत नाही आणि समोरच्याला कळतही नाही की तुम्ही तपासलं.

नकली नोटेत काय दिसतं? बहुतेक वेळा पट्टीच्या जागी हिरवी चमकी किंवा हिरव्या चकचकीत फॉइलची कातरलेली चिंधी असते. नोट हलवली की तीही चमकते, आणि लोक त्या चमकीलाच भुलतात. चमक बघायची नाही, रंग बघायचा. हिरवं चमकून हिरवंच राहिलं तर नोट बाजूला ठेवा. पट्टीवर नख आडवं फिरवून बघा. चिकटवलेल्या फॉइलची कड नखाला लागते, कधीकधी टोक उचकटतंही. खऱ्या नोटेत धागा कागदातच विणल्यासारखा असतो, समोरच्या बाजूने ठरावीक अंतरावर वर येतो आणि पुन्हा आत जातो. मागून उजेडात बघितलं की तोच धागा सलग एक रेघ म्हणून दिसतो.

दोनशेच्या पिवळ्या नोटेतही धागा आणि आकडा दोन्ही असेच रंग बदलतात. शंभरच्या जांभळ्या नोटेत फक्त धागा बदलतो, आकडा नाही. पन्नासच्या नोटेत धागा आहे, पण तो रंग बदलणारा नाही. नव्या पोराला हे सांगितलं नाही तर तो पन्नासच्या चांगल्या नोटा परत करत बसतो.

बोटांना काय लागलं पाहिजे

दुसरी तपासणी स्पर्शाची. खऱ्या नोटेवर गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ, कडेच्या तिरक्या रेघा आणि उजवीकडची ओळखखूण कोरीव साच्यातून छापलेली असते. साच्याच्या खाचांमध्ये शाई भरतात आणि प्रचंड दाब देऊन कागद त्या खाचांत शिरवतात, त्यामुळे शाई कागदाच्या वर उठून राहते. घरगुती प्रिंटर शाई कागदावर फवारतो किंवा पसरवतो, त्याला हा उठाव येत नाही.

सगळ्यात पटकन हाताला लागतात त्या डाव्या-उजव्या कडांवरच्या तिरक्या रेघा. पाचशेला पाच, तीन गटांत. दोनशेला चार आणि मध्ये दोन गोल. शंभरला चार. अंगठ्याचं नख त्यावरून हलकेच ओढलं की खरखर जाणवते. अशोकस्तंभाच्या वरची उठावाची खूण पाचशेला गोल, दोनशेला इंग्रजी एचसारखी, शंभरला त्रिकोणी. या खुणा मुळात दृष्टिहीन माणसांना नोट ओळखता यावी म्हणून आहेत, आणि फोन बूथ किंवा स्टॉल चालवणारे दृष्टिहीन लोक त्यावर रोजचा व्यवहार करतात. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला 'मनी' नावाचं मोबाइल ॲप आणलं. ते कॅमेऱ्याने नोट किती रुपयांची आहे ते बोलून सांगतं, खरी की खोटी ते सांगत नाही. काही दुकानदार हे ॲप नकली पकडायला वापरतात. त्याचा तसा उपयोग नाही.

स्पर्शाची मर्यादाही लक्षात ठेवा. शेकडो हातांतून गेलेली, घामाने मऊ पडलेली खरी नोट गुळगुळीत होते. तिथे बोटांवर निकाल देऊ नका, पुन्हा रंगाकडे या.

कागदाचंही थोडं. आपल्या नोटेचा कागद कापसापासून बनतो. नवी नोट हवेत झटकली की कडक आवाज येतो आणि कडेला दोन थर सुटत नाहीत. नकलीच्या कोपऱ्याला नखाने चोळलं की कधीकधी दोन पापुद्रे वेगळे होतात. झाले तर पुढे काही बघायची गरज नाही.

शंका राहिली तर

दोन सेकंदांच्या तपासणीत अडलेली नोट जरा निवांत बघायची असेल तर मोबाइलचा कॅमेरा पूर्ण झूम करून अशोकस्तंभ किंवा बारीक नक्षीवर धरा. खऱ्या छपाईत रेघ सलग आणि धारदार दिसते. प्रिंटरच्या छपाईत तीच रेघ रंगीत ठिपक्यांची रांग होते आणि सूक्ष्म अक्षरातला 'भारत' चिखल झालेला दिसतो.

नंबर बघा. वर डावीकडे आणि खाली उजवीकडे छापलेल्या नंबरात पहिली तीन अक्षरं-आकडे एकाच मापाची असतात आणि त्यापुढचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. ही वाढ नकलीत बऱ्याचदा हुकते: एखादा आकडा मधेच बसका, नाहीतर ओळ खालीवर. एकाच नंबरच्या दोन नोटा हातात आल्या तर त्यातली निदान एक नक्की नकली, आणि अनेकदा दोन्ही. एकच नंबर टाकून ढीगभर छापणारे पुष्कळ असतात.

मजकूर वाचा. एप्रिल २०२५ मध्ये अशा पाचशेच्या नोटांच्या बातम्या आल्या होत्या ज्यात इंग्रजी 'रिझर्व्ह' या शब्दात एका 'ई'च्या जागी 'ए' पडलेला होता. मागच्या बाजूला पंधरा भाषांची उभी चौकट असते. वरून आठवी ओळ मराठीची, 'पाचशे रुपये'. ती वाचायला आपल्याला चष्मा पुरतो, आणि नकलीत तिथली अक्षरं फुटलेली सापडतात.

खरी नोट शेजारी ठेवून मापही बघता येतं. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ रुंद, दोनशेची १४६ लांब, शंभरची १४२. रुंदी तिन्हींची सारखी. हाताने कापलेली नकली नोट खऱ्या नोटेवर बरोबर जुळवून ठेवली की एखाद्या कडेला हटकून बाहेर येते.

मशीन आणलं, तरी बँकेत नोट निघते

मशीन वाईट नाही. पण ते आणलं की माणसं बघणं सोडून देतात, हा त्याचा खरा तोटा.

स्वस्त मशीनमध्ये किंवा हातातल्या दिव्यात फक्त यूव्ही, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश असतो. त्याचं तत्त्व असं: साध्या कागदात पांढरेपणा यावा म्हणून रसायन घातलेलं असतं, तो कागद या प्रकाशात निळसर पांढरा लखलखतो. नोटेचा कागद मंद राहतो, आणि त्यात नंबर व कागदातले बारीक तंतू चमकतात. आता याची उलट बाजू. खिशात राहून कपड्यांबरोबर धुतली गेलेली खरी नोट पावडरमधल्या चमक आणणाऱ्या द्रव्यामुळे लखलखते आणि मशीन तिला नकली म्हणतं. आणि नकली छापणाऱ्याला चमक न येणारा कागद मिळाला तर तीच नोट दिव्याखालून आरामात पास होते. म्हणून दिव्याखाली कागद चमकला की लगेच नकली म्हणू नका, आणि चमकला नाही म्हणून खरीही धरू नका. नंबर चमकतोय का ते बघा, मग रंग बदलण्याची तपासणी करा.

आयोडीनचं पेन त्याहून बेभरवशाचं. ते फक्त कागदात स्टार्च आहे का तेवढं ओळखतं. पिठाच्या गिरणीतून किंवा वाण्याच्या पिठाळ हातातून आलेल्या खऱ्या नोटेवरही ते काळं उमटू शकतं, आणि स्टार्च नसलेल्या कागदावरची नकली नोट त्यातून सुटते. वर नोट खराब होते ती वेगळीच. पैसे घालवू नका.

मोजणीचं मोठं मशीन असेल तर तीन गोष्टी बघा. सेन्सरवर धूळ बसते. किराणा आणि मसाल्याच्या दुकानात फारच लवकर. मऊ ब्रशने ती नियमित झाडा. मशीनमधली प्रणाली नव्या मालिकेच्या नोटांप्रमाणे अद्ययावत केली आहे का ते विक्रेत्याला विचारा. आणि मशीन फक्त मोजण्याच्या स्थितीवर चालू असतं, नकली शोधण्याचं बटण बंदच, हे मी कितीतरी दुकानांत बघितलंय.

खरी नोट नकली म्हणून परत करता

ही या समस्येची दुसरी बाजू, आणि तिचाही त्रास कमी नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या खुणांमुळे चांगली नोट घेऊन आलेल्या माणसाचा चारचौघांत अपमान होतो.

हिरवी पट्टी गव्हर्नरच्या सहीजवळ असेल तर खरी आणि गांधीजींजवळ असेल तर नकली, हा निरोप अनेक वर्षं फिरतोय. तो खोटा आहे. केंद्र सरकारच्या पीआयबीच्या, म्हणजे पत्र सूचना कार्यालयाच्या, फॅक्ट चेकनेही ते सांगितलंय. दोन्ही प्रकारच्या नोटा खऱ्या. नंबरात चांदणी असलेली नोटही खरी: छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदली जी छापतात तिला ती खूण देतात, आणि जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते जाहीरपणे स्पष्ट केलं. ऊर्जित पटेल, शक्तिकांत दास, संजय मल्होत्रा, यातल्या कोणत्याही गव्हर्नरची सही असली तरी नोट चालते. आठ नोव्हेंबर २०१६ च्या आधीची पाचशेची जुनी नोट तेवढी चालत नाही. शंभरची जुनी निळसर नोट मात्र चालते.

रंग जातो म्हणजे नकली, हाही असाच समज. उठावाच्या छपाईची खरी नोट कोरड्या सुती कापडाने जोरात घासली तर किंचित रंग कापडाला लागतो. ओल्या बोटाने शाई पसरून अक्षरच पुसट होत असेल, तर ते प्रिंटरच्या शाईचं लक्षण. दोन्हींत फरक आहे.

नोटांचा विषय निघालाच आहे तर दहाच्या नाण्याचंही सांगतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलंय की दहा रुपयांच्या नाण्याच्या तेव्हापर्यंतच्या चौदाही नक्षी वैध आहेत. रेघा दहा की पंधरा, रुपयाचं चिन्ह आहे की नाही, यावरून नाणं नाकारू नका.

नोट आत येते कुठून

तपासणी शिकवूनही नकली येत राहिली, तर ती कोणत्या वाटेने येते ते शोधावं लागतं. त्यासाठी काही आठवडे एक शिस्त पाळा. पाचशेच्या नोटा वेळेनुसार वेगळ्या ठेवा: सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या गर्दीच्या वेगळ्या, उधारीच्या वसुलीच्या वेगळ्या, डिलिव्हरीवाल्या पोरांनी आणलेल्या वेगळ्या. प्रत्येकीला रबर आणि चिठ्ठी, गल्ल्यावर कोण होतं त्याचं नाव. भरण्याच्या आधी ते गठ्ठे त्याच क्रमाने मोजा. बँकेने नोट काढली की ती कोणत्या गठ्ठ्यातली ते तिथल्या तिथे कळतं. एवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटतो, असा माझा अनुभव आहे.

बघण्यासारख्या जागा साधारण ठरलेल्या. संध्याकाळची गर्दी, त्यातही पिवळ्या बल्बचा उजेड. पिवळ्या उजेडात हिरवा-निळा फरक मारला जातो. गल्ल्याच्या वर पांढरा एलईडी दिवा लावा, इतक्या स्वस्तात याहून चांगला उपाय नाही. दहा-वीस रुपयांची वस्तू आणि पाचशेची नोट, हा दुसरा प्रसंग. नकली खपवणाऱ्याला वस्तू नको असते, सुट्टे हवे असतात. प्रत्येक सुट्टे मागणारा चोर नसतो, पण नोट प्रत्येकाची बघायची. सगळ्यांची बघितली की कोणालाच वाईट वाटत नाही. आणि सुट्टे हातात देईपर्यंत ती नोट गल्ल्यात टाकायची नाही, समोर काउंटरवरच ठेवायची. एकदा गल्ल्यात मिसळली की "हीच का ती?" या वादाला अंत नाही.

वसुलीच्या गड्डीत नकली नोट नेहमी मध्ये दडवलेली असते, वर-खाली कोऱ्या करकरीत नोटा. गड्डी एकेक उलटत बसण्यापेक्षा असं करा: दहा-बारा नोटा एकाच बाजूने लावून पत्त्यांसारख्या पसरा, म्हणजे सगळ्यांचे खालचे उजवे आकडे शेजारी-शेजारी दिसतील. मग पूर्ण पंखा एकदम झुकवा. सगळे आकडे एका दमात निळे होतात आणि जो हिरवा राहतो तो लगेच डोळ्यांत भरतो. एकट्या नोटेत जो फरक नवख्याला कळत नाही, तो रांगेत लगेच कळतो.

नोट पकडली, आता काय करायचं

गिऱ्हाइकाच्या हातून घेतानाच लक्षात आलं, तर आवाज चढवू नका. समोरच्या आजींना किंवा मजुरी घेऊन आलेल्या दादाला ती नोट कोणीतरी तशीच दिलेली असते. "ताई, ही नोट बरोबर वाटत नाही, दुसरी असली तर द्या, आणि ही बँकेत दाखवून घ्या." एवढं पुरतं. नोट जबरदस्तीने ठेवून घेणं किंवा फाडणं हे आपलं काम नाही. मात्र एकाच माणसाकडे अशा बऱ्याच नोटा दिसल्या, किंवा तोच माणूस बाजारात दुकानामागून दुकान करतोय असं कळलं, तर ११२ वर कळवा आणि कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा.

गल्ल्यात सापडली तर ती दुसऱ्याला चालवण्याचा विचारही करू नका. हे मी हात जोडून सांगतो. आपले पाचशे वाचवायला आपण ते दुसऱ्या कोणा गरिबाच्या माथी मारतो. आणि कायदाही इथे फार कडक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १७९ प्रमाणे नकली नोट नकली आहे हे माहीत असताना खरी म्हणून चालवणं हा जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. कलम १८० प्रमाणे खरी म्हणून चालवण्याच्या हेतूने ती जाणूनबुजून जवळ ठेवली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्याच कलमात हेही लिहिलंय की नोट कायदेशीर मार्गाने आपल्याकडे आली हे दाखवता आलं तर तो गुन्हा ठरत नाही. म्हणून बिलं, भरण्याच्या स्लिपा आणि वर सांगितलेल्या गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या जपून ठेवायच्या.

अशी नोट पाकिटात घालून, मिळाल्याची तारीख आणि अंदाजे वेळ लिहून बँकेत द्या. संशयाच्या नोटा साठवत बसू नका. पैसे परत मिळत नाहीत, हे खरं. पण बँकेने काय करायला हवं तेही ठरलेलं आहे: नोटेवर नकली असल्याचा शिक्का मारून ती जप्त करायची आणि ती देणाऱ्याला पोचपावती द्यायची. पावती मागून घ्या. तुम्ही सही करायला नकार दिलात तरी ती देणं बँकेवर बंधनकारक आहे. एका व्यवहारात चारपर्यंत नकली नोटा असतील तर बँक महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवते, पाच किंवा जास्त असतील तर लगेच गुन्हा नोंदवायला पाठवते. मोठा भरणा करणाऱ्यांनी म्हणूनच घरून निघण्याआधी गड्डी बघून निघावं.

कॅशिअरने नोट परत देऊन "हिच्याऐवजी दुसरी द्या" म्हटलं, तर आपल्याला बरं वाटतं, पण ते नियमात बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे नकली नोट देणाऱ्याला परत द्यायचीच नसते. बँकेने ती जप्त केली नाही तर ती पसरवण्यात बँकेचाच सहभाग धरला जातो. अशी परत मिळालेली नोट खिशात घेऊन फिरू नका, पावतीचा आग्रह धरा.

एटीएममधून नकली आली तर वाट जरा खडतर. शंभर आणि त्यावरच्या नोटा मशीनने तपासल्याशिवाय एटीएममध्ये भरायच्या नाहीत असा नियम आहे, आणि एटीएममधून नकली नोट निघाली तर ती बँकेनेच चलनात आणण्याचा प्रयत्न केला असं मानलं जातं. पण ती तिथूनच आली हे दाखवायचं काम आपल्यावर येतं. त्यामुळे पैसे काढल्यावर तिथेच, कॅमेऱ्यासमोर, पाचशेच्या नोटा एकदा झुकवून बघायची सवय लावा. शंका आली तर नोट तिथेच कॅमेऱ्याला दोन्ही बाजूंनी नंबरासह दाखवा, पहारेकरी असेल तर त्याच्या वहीत नोंद करून घ्या, स्लिप ठेवा, आणि त्याच दिवशी ज्या बँकेचं एटीएम आहे तिच्या शाखेत लेखी तक्रार द्या. अर्जाची एक प्रत शिक्का मारून स्वतःकडे ठेवा. आपलं खातं दुसऱ्या बँकेत असेल तर तिलाही तीच प्रत द्या.